‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात हे वाक्य आता कोणालाच नवे राहिलेले नाही. रेशन दुकान, बँकेची शाखा, आपले सरकार सेवा केंद्र, सगळीकडे ते एकाच सुरात सांगितले जाते आणि ऐकणाराही पाऊस लांबल्याची बातमी ऐकावी तसे ते ऐकून घेतो. त्यात कोणाचा दोष दिसत नाही, कोणाचा निर्णयही दिसत नाही. मला मात्र त्यात एक निर्णय स्पष्ट दिसतो. सर्व्हर बंद पडणे हा अपघात असेल; पण तो बंद पडल्यावर समोरच्या माणसाला परत पाठवायचे की त्याचे काम करून द्यायचे, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. ते जिथे ठरते ती जागा फार आडबाजूला असते: संगणकाच्या पोटातल्या एका फाइलमधल्या दोन-चार ओळी. त्या ओळी एकट्या तंत्रज्ञाच्या हाती सोडून चालणार नाही, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

एखाद्या महाविद्यालयात शंभर संगणक असतील, तर प्रत्येक यंत्रावर प्रत्येकाचे खाते वेगळे उघडत बसत नाहीत. नावे, पासवर्ड, कोण कोणत्या गटात, हे सगळे एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवतात. त्याला डिरेक्टरी म्हणतात. समोरचे यंत्र स्वतः कोणालाच ओळखत नाही. आपण नाव टाकले की पडद्यामागे चालणारी एक सेवा सर्व्हरकडे जाते, विचारते आणि उत्तर घेऊन येते. चावडी आणि गावकरी यांच्यामध्ये कोतवाल निरोप नेण्या-आणण्याचे जे काम करत आला, तेच हे काम. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात आणलेल्या अशा पद्धतीचे मूळ नाव ‘यलो पेजेस’. त्या नावावर ब्रिटिश टेलिकॉमचा हक्क असल्यामुळे पुढे ते ‘एनआयएस’ झाले, पण तिच्या कोतवालाचे नाव ‘वायपीबाइंड’ असेच राहिले. सर्व्हरचा पत्ता लिहून दिलेला नसेल तर तो जवळच्या नेटवर्कवर हाळी देई आणि जो पहिल्यांदा ओ देईल त्यालाच खरा मानी. कोणीच ओ दिली नाही, तर ‘अजून प्रयत्न चालू आहे’ असे सांगत तो थांबून राही आणि त्याच्याबरोबर यंत्रही ताटकळे. उत्तर देणाऱ्याची शहानिशा करायची नाही आणि उत्तर आले नाही तर काय करायचे हेही ठाऊक नाही, असे दोन दोष एकाच सेवेत होते. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या २०२२ साली आलेल्या नवव्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली.

तिच्या जागी एलडॅप या पद्धतीने बोलणाऱ्या डिरेक्टरी आल्या आणि लिनक्सवर त्यांच्याशी व्यवहार करायला ‘एसएसएसडी’ नावाची सेवा आली. तिची फाइल उघडून पाहिली, तर मुद्दा डोळ्यांसमोर येतो. पहिल्या ओळींत मुख्य सर्व्हरचा पत्ता, मग तो न लाभल्यास पर्यायी सर्व्हरचा. त्यानंतर सर्व्हरचे प्रमाणपत्र किती काटेकोरपणे तपासायचे, ते. आणि मग एक छोटी ओळ: माणसाची ओळख एकदा पटल्यावर तिची खूण याच यंत्रावर जपून ठेवायची की नाही. ‘हो’ लिहिले, तर पासवर्ड नव्हे, पण त्यावरून तयार केलेला, उलटा न वाचता येणारा ठसा यंत्रावर राहतो आणि लाइन तुटली तरी कालपर्यंत रोज येणारा माणूस आजही आत येऊ शकतो. काही लिहिलेच नाही, तर उत्तर ‘नको’ असे धरले जाते. म्हणजे कोणी विचारच केला नाही, तर दार बंद. जपलेली खूण किती दिवस चालवायची, यालाही वेगळी ओळ आहे; तिथे आकडा लिहिला नाही, तर मुदत संपतच नाही. एकीकडे गप्प राहिले तर दार बंद राहते, दुसरीकडे गप्प राहिले तर ते कायमचे उघडे राहते. या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर ‘मी काही ठरवले नाही’ असे म्हणायला कोणालाच जागा उरत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. लिनक्सच्या प्रवेशतपासणीत दोन निकाल कटाक्षाने वेगळे ठेवलेले आहेत. एक: विचारले आणि ओळख पटली नाही. दुसरा: विचारायला गेलो आणि सांगणाराच भेटला नाही. पहिला निकाल माणसाविषयी काही सांगतो. दुसरा फक्त तारेविषयी सांगतो. माणसाविषयी त्यातून एक अक्षरही कळत नाही. म्हणूनच पहिल्या निकालावर दार बंद करणे रास्त आहे आणि दुसऱ्यावर काय करायचे, हा प्रश्न उरतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जपलेला हा फरक आपल्या सार्वजनिक व्यवहारात मात्र पुसला गेला आहे.

रेशनचे उदाहरण घ्या, कारण तिथे पणाला लागते ते धान्य. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळणे हा हक्क आहे. तो आता ई-पॉस यंत्रावरच्या बोटाला बांधला गेला आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यामुळे हा प्रवास आपल्याला परका नाही. कापूस वेचून, खुरपून, विटा उचलून ज्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, ते बोट काचेवर ठेवले जाते. यंत्र दूरच्या सर्व्हरला विचारते. बोट जुळले नाही, रेंज गेली, वीज गेली किंवा सर्व्हरच दमला, काहीही झाले तरी गिऱ्हाइकाच्या हाती पिशवी रिकामीच. २०१६-१७च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने अशा प्रमाणीकरणातल्या अपयशाचे जे अंदाज उद्धृत केले, त्यांत झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के असे आकडे होते. शब्द एकच वापरला आहे, अपयश; त्यात ‘नाही’ किती आणि ‘उत्तर नाही’ किती, ते कळत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवले की, आधार नाही किंवा प्रमाणीकरण झाले नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य नाकारू नये. आदेश चांगलाच होता. पण आदेश कागदावर राहतो आणि यंत्र आपल्या फाइलीप्रमाणे वागते. दुकानदाराला त्या घडीला यंत्राचाच धाक असतो, कारण साठ्याचा हिशेब त्याला यंत्रालाच द्यायचा असतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो चोरीचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. तार तुटलेली असताना व्यवहार चालू ठेवला, तर कामावरून काढलेला माणूस जुन्या खुणेवर आत शिरेल. दुकानदार मुद्दाम यंत्र बंद ठेवून बोगस नावांवर धान्य उचलेल. रेशनमधली गळती हे खोटे दुखणे नव्हते आणि यंत्र आले ते त्याच दुखण्यापायी. मात्र या आक्षेपाला आपल्याच देशात, याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर दिलेले उत्तर दर निवडणुकीत आपल्यासमोर असते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले, ते एक लाखाहून अधिक केंद्रांवर. मतदारयादी ही या देशातली फार मोठी डिरेक्टरी. तरी मतदान केंद्रावरचा अधिकारी मतदाराचे नाव शोधायला कोणत्याही सर्व्हरवर अवलंबून नसतो. त्याच्यासमोर त्या भागाच्या यादीची छापील प्रत असते. नाव सापडले की त्यावर खूण होते, बोटाला शाई लागते आणि माणूस मत देतो. दुबार येणाऱ्याला अडवायला सर्व्हर लागत नाही, शाई पुरते. ओळखीबद्दल कोणी हरकत घेतली, तर १९६१च्या निवडणूक नियमांनुसार हरकत घेणाऱ्याला दोन रुपये अनामत भरावी लागते आणि केंद्राध्यक्ष जागेवरच चौकशी करतो. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तरी तुम्हाला घरी धाडत नाहीत. प्रदत्त मत म्हणून तुमची मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात ठेवली जाते. शंका आली तर ती नोंदवायची आणि निवाडा नंतर करायचा, पण दारात आलेल्या माणसाचा हक्क त्या दिवशी जपायचा, अशी ही रचना आहे. तिच्यात खोट शिरत नाही असे नाही. पण खोट शिरेल या भीतीने मतदानच उद्यावर ढकलावे, असे कोणी म्हणत नाही. धान्याला हाच न्याय का लावू नये?

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. नावांच्या प्रती गावोगावी ठेवल्या तर त्या फुटणार. ही भीती खरी आहे. एनआयएसच्या काळात जोडलेल्या यंत्रावरून कोणीही सगळ्यांच्या पासवर्डचे ठसे एका आज्ञेत काढू शके. त्यातून धडा असा मिळाला की, सगळी यादी खाली उतरवू नका. ज्याचे काम याच जागी पडते तेवढ्याचीच खूण ठेवा, तीही उलटी न वाचता येणारी आणि मुदतीची. आधारच्या छापील पत्रावरचा क्यूआर कोड वेगळ्या वाटेने हीच गरज भागवतो. त्यावरची डिजिटल सही सर्व्हरला न विचारता तपासता येते आणि आधार कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने अशा ऑफलाइन पडताळणीला स्थानही दिले. साधन हाताशी आहे, पण दुकानातला रोजचा व्यवहार त्यावर उभा केलेला नाही.

नेटवर्क सुधारत चालले आहे, काही वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही, असेही म्हटले जाते. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येईल, येऊ दे. मुंबईतल्या काचेच्या इमारतीतही सर्व्हर बंद पडतो. म्हणून तर तिथला तंत्रज्ञ पर्यायी सर्व्हरची ओळ न चुकता लिहितो. हसनाबादच्या वाट्याला ती ओळ यावी, यात काही अवाजवी नाही.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती सांगितली आहे आणि सामाजिक अंकेक्षणाची तरतूदही केली आहे. त्या समितीने महिन्याच्या शेवटी दोन वेगळे आकडे मागावेत: किती जणांना यंत्राने ‘नाही’ म्हटले आणि किती जणांना यंत्राने उत्तरच दिले नाही. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाला त्याच दिवशी, कार्ड पाहून, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेऊन धान्य मिळाले का, हे नावानिशी विचारावे. मिळाले नसेल, तर ती तक्रार जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. हसनाबादच्या येत्या ग्रामसभेत हा विषय पटलावर घेता येईल; त्यासाठी कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही.