भाड्याची गाडी, सरकारी काम आणि दोषाचा वाटा

अनेक सरकारी कार्यालये गाडी विकत घेण्याऐवजी कंत्राटदाराकडून ती चालकासह मासिक भाड्याने घेतात. अशी गाडी टॅक्सी पासिंगचीच हवी, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ वरून स्पष्ट होते. भाडे घेऊन माणसे नेणारी गाडी परिवहन वाहन ठरते. साधारणपणे तिला कलम ६६ खालचा परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि तिची नंबरप्लेट पिवळी, अक्षरे काळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. कलम ६६ मध्ये सरकारी कामाच्या वाहनांना सूट आहे खरी, पण ती सरकारच्या मालकीच्या वाहनांना. भाड्याने घेतलेल्यांना नाही. काचेवर ‘महाराष्ट्र शासन’ लिहिल्याने मालकी बदलत नाही. तरीही खासगी गाड्या सरकारी करारांत शिरतात, कारण परवाना, तपासणी आणि व्यावसायिक विमा यांचा खर्च वाचला की निविदेत कमी दर भरता येतो.

हा प्रश्न आरटीओच्या टेबलावरचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे: राज्याचा नियम राज्यालाच बांधतो का, आणि तो मोडला तर दोष कोणाचा?

पहिल्या भागाचे उत्तर बृहदारण्यक उपनिषदाने निःसंदिग्ध दिले आहे. तिथे धर्म हा राजसत्तेच्याही वरचा मानला आहे. दुर्बळाला बलवंतासमोर उभे राहता येते ते धर्माच्याच आधाराने. मनुस्मृती सांगते की सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण दंड, तिथे राजाला हजार. याच ग्रंथाने वर्णानुसार कमीजास्त शिक्षा सांगितल्या आहेत, त्यामुळे त्याला सरसकट प्रमाण मानता येत नाही. पण अधिकार जितका मोठा तितका दोष मोठा, हे तत्त्व त्याच्याशिवायही टिकते. कौटिल्य आणखी बारकाईने पाहतो. निरपराध्याला दंड करणाऱ्या राजाने त्याच्या तीसपट रक्कम वरुणासाठी पाण्यात सोडावी, असे अर्थशास्त्र सांगते. ही तरतूद विचार करण्याजोगी आहे. राजाचा दंड राजाच्याच कोषात जमा झाला, तर त्याला शिक्षा झाली असे म्हणताच येणार नाही. सरकारी कार्यालयाला सरकारने दंड केला तर आजही हीच अडचण येते: पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जातो आणि निर्णय घेणाऱ्याला काही सोसावे लागत नाही.

सोसावे लागते ते इतरांना. परवान्याशिवाय वाहन चालवल्यास किंवा चालवू दिल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही तलवार सर्वांत आधी चालकावर लटकते, आणि नकार देण्याची मोकळीक त्यालाच सर्वांत कमी असते. अपघात झाला तर संकट वाढते. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही, म्हणून विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते आणि जखमी माणूस भरपाईसाठी वर्षानुवर्षे झगडत राहतो. म्हणूनच ही निव्वळ कागदोपत्री चूक म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यात दुसऱ्याला इजा पोचवण्याची शक्यता आधीपासून असते.

अशा विभागलेल्या दोषाचा विचार योगसूत्रांनी केला आहे. हिंसा वगैरे वितर्क, म्हणजे यमनियमांच्या आड येणाऱ्या गोष्टी, स्वतः केलेले असोत, करवलेले असोत किंवा अनुमोदन दिलेले असोत, तिन्ही प्रकारांत ते दोषच. जैन आचारविचारातही करणे, करवणे आणि अनुमती देणे ही त्रयी मध्यवर्ती आहे. या दृष्टीने गाडीचा मालक आणि चालक हे करणारे, करारावर सही करणारा अधिकारी करवणारा, आणि रोज मागच्या सीटवर बसणारा कर्मचारी अनुमोदन देणारा. वाटेकरी वाढले म्हणून कोणाचा वाटा आपोआप घटत नाही. मात्र सर्वांचा दोष सारखाही नसतो: सूत्रे लोभ, क्रोध आणि मोह ही मुळे आणि मृदू, मध्य, तीव्र अशा पायऱ्या मानतात. नोकरी टिकवण्यासाठी स्टिअरिंग धरणारा चालक आणि नोंदणीपुस्तक न पाहता देयक मंजूर करणारा अधिकारी एकाच पायरीवर ठेवणे अन्यायाचे आहे. कर्मचाऱ्याला माहीत नव्हते हे कारण एखाद्या दिवसापुरते चालेल. प्लेटचा रंग दारातच दिसतो.

राहिला आपद्धर्माचा आधार. महाभारताच्या शांतिपर्वात त्यासाठी स्वतंत्र उपपर्व आहे, आणि संकटात नेहमीचा नियम बाजूला ठेवावा लागतो हे तिथे मान्य केले आहे. आजच्या कायद्यातही नेहमीपेक्षा वेगळ्या गरजेसाठी वेगळी वाट आहे: लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० नुसार निवडणुकीसाठी वाहने अधिग्रहित करता येतात आणि त्यांचा मोबदला द्यावा लागतो. पूर आला असताना समोर दिसेल ती गाडी लोकांना बाहेर काढायला घेणे हेही कोणी दोषास्पद मानणार नाही. पण वर्षाच्या मुदतीचा, निविदा काढून दिलेला आणि दर वर्षी वाढवून घेतलेला भाडेकरार आपत्तीत मोडत नाही. तिथे पासिंग तपासायला वेळही असतो आणि अधिकारही.