बटनंबर

निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला मुलाचा मोबाइल नंबर आठवणार नाही, पण सर्व्हिस रिव्हॉल्वरच्या मुठीवरचा बटनंबर विचारून बघा, झोपेतही सांगेल. सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाकडे फिरायला येणाऱ्यांत असे साहेब हमखास भेटतात. विषय निघाला की पॉइंट थ्री एटची वेब्ली आलीच. मधून मोडून उघडायची, सहा काडतुसं, पुरती उघडली की रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उसळायच्या. मुठीच्या तळाला कडी, कडीत लॅनयार्डची दोरी. नाइन एमएमच्या पिस्तुलात गोळ्या जास्त बसतात हे त्यांना मान्य आहे. तरी हट्ट सुटत नाही: पिस्तुलात काडतूस अडकलं की अडकलं; रिव्हॉल्वरमध्ये एक फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं तयार. खोटं नाही ते.

मात्र या गप्पांत गोळीबार फारसा नसतोच, हिशेब असतो. दसऱ्याचंच घ्या. पोलीस मुख्यालयात शस्त्रपूजा, झेंडूची फुलं. आणि बंदोबस्त रेशीमबाग, दीक्षाभूमी, कस्तुरचंद पार्क असा तिन्हीकडे. दीक्षाभूमीवर तर लाखोंचा समुदाय. त्या गर्दीत हात सारखा कमरेकडे जायचा तो रुबाबासाठी नव्हे, होल्स्टरचं बटण लागलंय ना हे चाचपायला. शस्त्र हरवलं तर नोकरीवरच यायचं. सरावाच्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत द्यायच्या. एखादी गवतात गेली की सगळे वाकून शोधायला लागत.

रुबाबाच्या आठवणी काढणारेही आहेत, त्यांच्यात मला रस नाही. उभ्या नोकरीत एकदाही रिव्हॉल्वर झाडावं लागलं नाही, हे जो छाती फुगवून सांगतो, त्याच्याशेजारी बसावंसं वाटतं.

58 वर्षं पूर्ण झाली की रजिस्टरवर सही करून सर्व्हिस रिव्हॉल्वर जमा करायचं. काही जण मग परवाना काढून कानपूरच्या कारखान्याचं पॉइंट थर्टी टू घेतात. पण निवडणूक लागली आणि परवान्यांच्या छाननीत नाव आलं, की परवान्याचं हत्यार ठाण्यात ठेवावं लागतं. माजी अधिकारी म्हणून सूट नाही. काउंटरवरचा पोरगेला हवालदार उठून म्हणतो, ‘‘बसा ना साहेब, चहा सांगतो.’’ साहेब बसत नाहीत. आधी पावती डोळ्यांजवळ धरून वाचतात आणि काडतुसांची संख्या अक्षरी लिहायला लावतात.