नक्षी कोणाची?

प्रवासात एखादी सुंदर वस्तू पाहावी आणि घरी येऊन तशीच घडवून घ्यावी, ही हौस फार जुनी आहे. पण अशी वस्तू कोणाची? कल्पना दुसऱ्या मुलखातली, लाकूड आपल्या गावचे, हात सुताराचे. मग 'माझे कपाट' म्हणण्याचा हक्क आपल्याला कितपत पोचतो?

काश्मीरमधल्या जुन्या दर्ग्यांत, घरांत आणि हाउसबोटींत खातमबंद छते दिसतात. देवदार किंवा अक्रोडाचे पातळ, बहुकोनी तुकडे खाचा पाडलेल्या पट्ट्यांत अडकवून ही नक्षी उभी राहते. तुकडे जोडायला ना खिळा लागतो, ना सरस. म्हणूनच असे छत उतरवून दुसऱ्या घरात पुन्हा बसवता येते. हा हुनर चौदाव्या शतकात मीर सय्यद अली हमदानी यांच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी इराणकडून आणला, अशी परंपरा आहे. म्हणजे जी नक्षी पाहून आपण 'अस्सल काश्मिरी' म्हणतो, तीसुद्धा एका सफरीचीच देणगी! तरीही तिला कोणी परकी म्हणत नाही. सहाशे वर्षे काश्मीरच्या झाडांनी आणि काश्मीरच्या हातांनी तिला घडवले आहे.

काश्मीरहून परतल्यावर मी पुस्तकांच्या कपाटासाठी याच धर्तीच्या दारांचे चित्र काढले. आमच्या गावच्या सुतारकाकांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, नक्षी जमेल. पण आपल्याकडे चार महिने पाऊस. सागवान फुगणार. खाचेत थोडी मोकळीक ठेवू आणि तुकडे जरा मोठे घेऊ." दारे त्यांच्या सल्ल्याने झाली. मूळ नक्षीपेक्षा ती साधी दिसतात. पण तुकडा खाचेत मोकळा ठेवायचा, म्हणजे लाकूड हवेप्रमाणे फुगते-आकसते आणि तडकत नाही, हे खातमबंदचे मर्म त्यांत शाबूत आहे.

पूर्वी उर्दू शाळांत मुले तख्तीवर उस्तादांच्या अक्षरांवरून कलम फिरवत. त्याला कोणी चोरी म्हणत नसे. गिरवता गिरवता प्रत्येकाचे अक्षर वेगळे होई. उस्तादाचे वळण त्यात राही आणि मुलाचा हातही दिसे. घेणे आणि चोरणे यांतला फरक मला इथे दिसतो. प्लायवूडवर छापील नक्षी चिकटवणारा केवळ रूप उचलतो. त्यामागची मेहनत, कारण आणि माणूस तो वगळतो. समजून घेणाऱ्याला मात्र स्वतःच्या हवेचा, स्वतःच्या लाकडाचा विचार करावा लागतो.

हा प्रश्न आपल्याला कपाटापुरता नाही. घरात मराठी किंवा कोकणी बोली, शाळेत उर्दू, नमाजेत अरबी, असे आपले जगणे आहे. 'हे तुमच्याकडे कुठून आले?' असे कोणी विचारते, तेव्हा आपण उगीच संकोचतो. आले असेल दुरून; रुजले, वाढले ते इथल्याच मातीत. मूळ लपवण्याचे कारण नाही आणि त्यामुळे इथले नाते कमीही होत नाही.

मात्र घेतलेल्याचे ऋण राहतेच. वस्तू कोणाकडून शिकलो ते सांगावे, घडवणाऱ्या हातांना पुरता मोबदला द्यावा आणि उद्या कोणी आपल्याकडचे पाहून घडवू लागला, तर त्याला आनंदाने माप द्यावे. हुनर ही अमानत आहे. ती पुढे पोचवल्यावरच आपला तिच्यावरचा हक्क खरा ठरतो.