सुटलेला मासा वाचतो का?

हर्सूल तलावापासून छत्रपती संभाजीनगर शहरातून वाहत जाणारी खाम नदी पुढे पैठणच्या बाजूला गोदावरीला मिळते. तिथे 1976 साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे. रोहू, कटला, मृगळ पकडून जगणारी अनेक भोई कुटुंबे त्याच्या काठाने राहतात. संध्याकाळी तंगुसाची, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याची, जाळी लावायची आणि पहाटे उचलायची, असा या धंद्याचा रिवाज. हिशेब होतो तो जाळ्यात सापडलेल्या माशांचा. धडपडून सुटलेला मासा वाचला, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासायला हवे.

तंगुसाच्या जाळ्यात मासा कल्ल्यांमागे अडकतो. मागे सरकू लागला की बारीक धागा अंगात रुततो, खवले निघतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. या थरावर माशाचा जीव अवलंबून असतो. गोड्या पाण्यापेक्षा माशाच्या शरीरात क्षार जास्त असतात. कातडी फाटली की पाणी आत शिरते, क्षार बाहेर जातात. त्याच जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. झुंजीने थकलेला मासा शिकारी पक्ष्यांच्या तावडीतही लवकर सापडतो. असा मासा सुटतो त्याच क्षणी मरत नाही. काही दिवसांनी मरतो, आणि तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष राहिलेले नसते.

अलास्कातील ब्रिस्टल उपसागराकडे येणाऱ्या सॅमन माशांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी घालायला नदीत पोहोचलेल्या कित्येक माशांच्या अंगावर जाळ्याचे वळ होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक माशांची वीण झालीच नाही. म्हणजे मासा जिवंत सुटला, तरी पुढची पिढी बुडाली.

मग लहान मासे सुटावेत म्हणून जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, मोठा ठेवण्याचा नियम व्यर्थ म्हणायचा का? मुळीच नाही. बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांतून निसटलेल्या माशांवरील संशोधनाचा आढावा जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने 2005 साली प्रसिद्ध केला. कॉड, हॅडॉक यांसारखे बहुतेक मासे सुटल्यावर जगतात, पण सैल खवल्यांचे नाजूक हेरिंग मोठ्या संख्येने मरतात, असे त्यातून दिसते. आपली तारली हेरिंगच्याच गोतावळ्यातली आहे. महाराष्ट्राने ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीसाठी 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सक्तीचा केला, तो योग्यच. मात्र सगळ्या जातींना त्याचा सारखाच लाभ होतो, असे मानता येणार नाही.

म्हणून आसाच्या जोडीला वेळेचा आणि ऋतूचा विचार हवा. जाळे जितका वेळ पाण्यात राहते, तितकी माशाची झुंज लांबते आणि जखम खोल होते. लावलेली जाळी लवकर तपासावीत. फाटकी, सोडून दिलेली जाळी पाण्यातून काढावीत, कारण तंगूस कुजत नाही आणि मालक नसतानाही मासे अडकवत राहतो. पावसाळ्यात मासे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा नदीच्या तोंडाशी जाळे लावूच नये. यात मच्छीमाराचे नुकसान नाही, कारण आज जखमी होऊन मेलेला मासा उद्या त्याच्या जाळ्यात यायचा नाही.

सुटलेले मासे पाण्यातल्या पिंजऱ्यात दोन आठवडे ठेवून किती जगतात ते मोजणे शक्य आहे. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि विद्यापीठांनी मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन हे काम नाथसागरात हाती घ्यावे, आणि त्यातून जे दिसेल त्यावर जलाशयांतील मासेमारीचे नियम ठरवावेत.