काटकसर कोणाच्या खात्यावर?

फौजेवर होणारा खर्च हा नैतिक प्रश्न आहे असे म्हटले की पुष्कळांना आश्चर्य वाटते. तो अर्थमंत्र्यांचा विषय, सेनापतींचा विषय, फार तर संसदेचा. सामान्य माणसाने त्यात पडू नये, अशी आपली समजूत असते. देशप्रेमाच्या भरात तर हिशेब विचारणे हाच गुन्हा ठरतो. आम्हा मुसलमानांच्या बाबतीत त्या गुन्ह्याची शिक्षा जरा अधिक असते, एवढे येथे सांगून पुढे जातो.

फौजेला माणसे हवीत, हत्यारे हवीत, आणि तिजोरी एकच आहे. माणसांवर खर्च वाढला की हत्यारे राहतात, हत्यारांवर वाढला की माणसांचे पगार-पेन्शन डोळ्यांत खुपू लागते. अशा वेळी काटकसर करणे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. बैतुलमाल ही अमानत आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अमानतीतला पैसा उधळता येत नाही, मग तो फौजेच्या नावावर का असेना. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काटकसर करायची ती कोणाच्या खात्यावर लिहायची? आणि ज्याच्या खात्यावर लिहायची त्याला विचारायचे की नाही?

आधी सरकारची बाजू ऐकू. ती पोकळ नाही. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनासाठी सुमारे १ लाख ३३ हजार कोटी रुपये ठेवले होते, आणि नवी विमाने, जहाजे, तोफा यांच्या भांडवली खर्चासाठी सुमारे १ लाख १३ हजार कोटी. म्हणजे उद्याच्या लढाईपेक्षा कालच्या लढाईचा खर्च मोठा झाला होता. २०१५ साली 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन' मान्य झाल्यावर हा बोजा आणखी वाढला. ते मान्य व्हावे म्हणून त्या वर्षी जूनपासून म्हातारे सैनिक जंतर-मंतरवर बसले होते. उत्तर पेशवाईत पगार थकला की फौज सरदाराच्या दारात धरणे धरून बसे. त्या जुन्या शब्दाला या म्हाताऱ्यांनी पुन्हा जुना अर्थ दिला. त्यांची मागणी न्याय्य होती असेच आमचे मत आहे. पण न्याय्य मागणीलाही पैसे लागतात, आणि ते कुठून तरी कापले जातात.

हत्यारांवर कात्री चालवली तर काय होते, हे नामका चूच्या काठी १९६२ साली दिसले. हिमालयातल्या त्या नदीवर आपल्या सातव्या ब्रिगेडचे जवान उन्हाळी सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, काडतुसे मोजकी. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला. वर्षानुवर्षे दिल्लीत वाचवलेला पैसा त्या सकाळी काही तासांत वसूल झाला, आणि तो ज्यांच्याकडून वसूल झाला त्यांनी तो वाचवला नव्हता.

त्या ब्रिगेडमध्ये चौथी ग्रेनेडियर्स ही पलटण होती. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, हीच पलटण पंजाबात खेमकरण भागातल्या असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांसमोर उभी राहिली. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे अब्दुल हमीद याच पलटणीतले. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी एकामागून एक रणगाडे उडवले आणि १० सप्टेंबरला ते शहीद झाले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आमच्या शाळांतून ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाते, बहुधा आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी सांगितली जाते, आणि त्यामुळे तिच्यातला एक तपशील हरवून जातो. हमीद डिसेंबर १९५४ मध्ये भरती झाले होते. असल उत्तरच्या शेतात ते उभे होते तेव्हा त्यांच्या पाठीशी जवळजवळ अकरा वर्षांची नोकरी होती आणि ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. पॅटनसारख्या रणगाड्याला उघड्या जीपवरून टिपायचे तर तो किती जवळ येऊ द्यायचा, कधी डागायचे आणि डागल्यावर जागा कशी बदलायची, हे अंगात मुरलेले असावे लागते. धैर्य अल्लाहची देणगी असेल, पण हा सराव सरकारने अकरा वर्षे पगार देऊन घडवला होता. तो पगार उधळपट्टी होता काय?

यंत्रांच्या बाबतीतही हेच आहे. मिग-२१ हे विमान हवाई दलात १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. बासष्ट वर्षे. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ही विमाने तयार होत. त्यांच्या जागी येणारे स्वदेशी विमान २००१ साली प्रथम उडाले, पण ताफ्यात पुरेशा संख्येने येता येता दोन दशके उलटली. १२६ परदेशी विमाने घेण्याची निविदा २००७ साली निघाली. अखेर २०१६ साली छत्तीसच घेतली गेली. मधल्या काळात जुनेच विमान उडत राहिले आणि वृत्तपत्रांनी त्याला उडती शवपेटी हे नाव दिले. खरेदी लांबली की कागदावर पैसा वाचलेला दिसतो. वैमानिकाच्या घरी मात्र तो वाचलेला दिसत नाही.

म्हणून 'माणूस की हत्यार' ही मांडणीच आम्हाला पटत नाही. पगारात कपात केली काय आणि बुटात केली काय, ती शेवटी त्याच एका शिपायाच्या अंगावर येते. फाईलवर दोन रकाने असतात. सरहद्दीवर देह एक असतो.

हजरत उमर यांनी हिजरीच्या दुसऱ्या दशकात दीवान सुरू केला. फौजेतल्या लोकांची नावे, त्यांची घरची माणसे आणि प्रत्येकाचा वार्षिक तनखा यांची ती वही होती. इस्लामी राज्यातले हे पहिले व्यवस्थित फौजी दफ्तर म्हणता येईल. या वहीसंबंधी एक रिवायत प्रसिद्ध आहे. तान्ह्या मुलाला तनखा नसे. दूध तुटल्यावर तो लागू होई. नियमात वावगे काहीच नव्हते, तिजोरीची थोडी बचत होती. एका रात्री मदिनेबाहेर उतरलेल्या काफिल्यावर पहारा देताना उमर यांना एका मुलाचे रडणे थांबेना असे ऐकू आले. आईला विचारले तर ती म्हणाली, मी त्याचे दूध लवकर तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्यालाच देतो. समोर उमरच उभे आहेत हे तिला माहीत नव्हते. त्या पहाटेच्या नमाजात उमर यांचा आवाज रडण्याने ऐकू येईना, असे सांगतात. त्यानंतर फर्मान निघाले की तनखा जन्मापासून मिळेल.

या रिवायतीत उमर यांची दया सगळे पाहतात. आम्हाला तिच्यातला नियम अधिक महत्त्वाचा वाटतो. बचतीची कलमे कोणाचेही वाईट चिंतून लिहिली जात नाहीत. पण ती खाली घरंगळत जातात, आणि जो सर्वांत शेवटी उभा आहे, ज्याला बोलता येत नाही, त्याच्यापाशी जाऊन थांबतात. आणखी एक रिवायत आहे. नवरा मोहिमेवर गेलेल्या एका स्त्रीचे विरहाचे शब्द ऐकून उमर यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा यांना विचारले की बायको नवऱ्याविना किती काळ राहू शकते, आणि त्याप्रमाणे फौजेच्या मुदतीला मर्यादा घातली. कोणी चार महिने म्हणतात, कोणी सहा. माणसे कमी आणि सरहद्द लांब असताना ही मर्यादा खर्चिकच असणार. तरी ती घातली गेली.

आता अग्निपथाकडे येऊ. १४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयाची मुले, चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतल्या एकाला कायम, तिघांना निरोप. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. अधिकाऱ्यांना ही योजना लागू नाही; ती त्यांच्या खालच्यांसाठी आहे. अल्पसेवेचे अधिकारीही निवृत्तिवेतनाविना जातात हे खरे, पण ते दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सेवा करून, हाती पदवी घेऊन जातात. फौज तरुण व्हावी हा हेतू सांगितला गेला आणि तो चुकीचा नाही. डोंगरावर पस्तिशीचे गुडघे आणि विशीचे गुडघे सारखे नसतात. पण निवृत्तिवेतनाचे ते आकडे समोर असताना पैशाचा यात संबंध नाही असे कोणी म्हणू नये.

आमचे म्हणणे इतकेच की कात्री कोठे लागली ते पाहा. विमान विकणाऱ्या परदेशी कंपनीशी करार असतो, तो मोडता येत नाही. आज निवृत्त असलेल्यांच्या संघटना आहेत, वकील आहेत, मते आहेत. जो अजून भरतीच झालेला नाही, त्याची संघटना कशी असणार? २००४ साली केंद्राने नव्या मुलकी नोकरांचे जुने निवृत्तिवेतन बंद केले, तेव्हा सैन्याला वगळले होते. शिपायाचे काम वेगळे आहे हे तेव्हा मान्य होते. २००४ ते २०२२ या अठरा वर्षांत ते काम सोपे झाले काय?

ही रीत आम्हा शिक्षकांच्या चांगलीच ओळखीची आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तेच वर्ग, तीच मुले, तोच अभ्यासक्रम, पण पहिली तीन वर्षे पगाराऐवजी मानधन, आणि ते प्राथमिकला सुरुवातीला महिना तीन हजार. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांचे जुने निवृत्तिवेतनही गेले. शिक्षक-खोलीत एकाच टेबलाशी बसून डबा खाणाऱ्या दोघांत एकाची म्हातारपणाची सोय असते, दुसऱ्याची नसते. फरक एवढाच की दुसरा नंतर जन्मला. अर्थात आमच्या कामात गोळी लागत नाही, म्हणून ही तुलना येथेच सोडतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की मुलाने स्वतः सही केली आहे, कोणी जबरदस्ती केली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी योजना वैध ठरवली, तेव्हा कायद्याचा प्रश्न उरत नाही. पण आमच्या फिकहमध्ये रजामंदी आणि मजबुरी यांत फरक करतात. सौदा खरा व्हायला दोन्ही पक्ष राजी हवेत, आणि ज्याच्यापुढे दुसरा दरवाजाच नाही त्याचे राजी होणे किती राजी? करोनामुळे दोन वर्षे भरती बंद होती. त्या दोन वर्षांत पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलांची वये निघून जात होती. सरकारने पहिल्या वर्षापुरती वयाची अट तेवीसपर्यंत नेली, हे चांगले केले. पण अशा मुलापुढे चार वर्षांचा कागद ठेवला तर तो सही करणारच. त्या सहीने सरकार कायद्यातून मोकळे होते. जबाबदारीतून होते असे आम्हाला वाटत नाही.

कारगिलनंतर नेमलेल्या पुनरावलोकन समितीनेही शिपायाची सतरा वर्षांची सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी असे सुचवले होते. मात्र त्यापुढे या प्रशिक्षित माणसांना निमलष्करी दलांत घ्यावे, असे त्या सूचनेचे दुसरे अंग होते. २०२२ साली निमलष्करी दलांत दहा टक्के जागा अग्निवीरांसाठी राखण्याची घोषणा झाली. शंभरांतले पंचाहत्तर बाहेर पडणार असतील, तर दहा टक्के राखीव जागा म्हणजे प्रत्येकाला जागा नव्हे.

आमच्याकडे दहावी-बारावीची मुले विचारायला येतात. जाऊ नका, असे आम्ही सांगत नाही. तो आमचा हक्क नाही, आणि फौजेत आपली मुले असावीत असे आम्हाला मनापासून वाटते. आम्ही फळ्यावर हिशेब मांडतो. पहिल्या वर्षी तीस हजार, मग तेहतीस, साडेछत्तीस, चाळीस. दरमहा तीस टक्के कापून सेवा निधीत. चार वर्षांत कापले जातात ५ लाख २ हजार २०० रुपये. तेवढेच सरकार घालते, व्याज धरून निरोपाच्या वेळी सुमारे ११ लाख ७१ हजार. म्हणजे त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा तुमचाच पगार आहे, बक्षीस नव्हे. मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा आहे, कर्तव्यावर आला तर आणखी ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आहे, पण आईला दरमहा येणारे निवृत्तिवेतन नाही. हे सगळे मराठीत आणि उर्दूत लिहून आम्ही त्यांच्या वहीत उतरवून देतो आणि घरी वाचून दाखवायला सांगतो. भरतीच्या मैदानावर सही घेण्यापूर्वी सरकारनेच असा एक कागद मुलाच्या भाषेत त्याच्या आईबापांच्या हाती द्यायला काय हरकत आहे? त्याला लागणारा कागद आणि शाई एवढ्या मोठ्या अर्थसंकल्पात सहज बसेल.