डोंगरावरचा धूर

२०२२ चा गणपती. कशेडीचा बोगदा अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे मुंबईहून खेड-चिपळूणकडे निघालेली प्रत्येक गाडी कशेडी घाट चढूनच जायची. घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाजूला माझं गॅरेज आहे. चतुर्थीच्या दोन दिवस आधी एक डिझेल गाडी चार वळणं चढून, तशीच मागे उतरून माझ्या दारात आली. मालक म्हणाले, "मिस्त्री, सपाटीला ठीक पळते, चढाला लागली की जीवच सोडते. काळा धूर तर असा, की मागच्याला रस्ता दिसेना." मागच्या सीटवर त्यांच्या आई होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते, घाट लागायच्या आधी नारळ वाढव. ऐकलं नाहीस. देवाचं चुकलं की असंच होतं."

आजींचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी गाडीचं सांगतो.

मुंबईत एका गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ करून, डिझेल फिल्टर बदलून झाला होता. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, हा त्यांचा हिशोब. मी स्कॅनर लावला. कोड आला पी-०२९९, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाही. का होत नाही, ते स्कॅनर सांगत नाही. एअर फिल्टर काढून झटकला, तर चौपदरीकरणाच्या कामाची लाल माती पडली, पण एवढा धूर काढण्याइतकी नव्हती. जागेवर रेस केली तर गाडी अगदी शहाण्यासारखी. मग टर्बोकडून, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या अंगाला, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे, बोटं फिरवली. क्लिपेच्या शेजारी तेलकट लागलं आणि त्यावर धूळ चिकटलेली. होज काढला, एक तोंड बंद करून दुसऱ्यातून बेताची हवा सोडली आणि साबणाचं पाणी लावलं. बोटाच्या पेराएवढ्या चिरेतून बुडबुडे फुलले. हवा बंद केली की चिरेचे ओठ मिटायचे, सोडली की उघडायचे. म्हणून तर गाडी सपाटीला धड आणि चढाला आजारी!

आत काय होतं ते सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आत पडताच पेट घेतं. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. आत येणारी हवा फिल्टरजवळचा सेन्सर मोजतो आणि त्या मापावर डिझेल सुटतं. पण मोजलेली हवा पुढे चिरेतून निसटली, तर डिझेल उरतं आणि अर्धवट जळून काळं बाहेर पडतं. म्हणजे डिझेल जास्त नव्हतं, हवा कमी होती. धूर दोन्हीकडे सारखाच.

हा फरक कसा विचारायचा, ते मला एका संस्कृतच्या निवृत्त गुरुजींनी शिकवलं. त्यांची जुनी डिझेल गाडी माझ्याकडे यायची. पावसाळ्यात वीज गेली की ते गॅरेजच्या बाकावर बसून अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' समजावायचे. सतराव्या शतकातलं ते छोटं पुस्तक. त्यातलं उदाहरण ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला होता. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. स्वयंपाकघरात जिथे धूर तिथे अग्नी पाहिलेला असतो, तळ्यात अग्नी नाही तर धूरही नाही. या कायमच्या सोबतीला व्याप्ती म्हणतात. पण उलट म्हणता येत नाही. लोखंडाचा लालबुंद गोळा घ्या, त्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धुराला ओलं सरपण लागतं. ही मधली अट म्हणजे उपाधी. उपाधी लपलेली राहिली की माणूस खात्रीनं चुकतो. मुंबईच्या त्या गॅरेजनं हीच चूक केली होती.

हवेबद्दलही न्यायशास्त्राच्या पंडितांचा, म्हणजे नैयायिकांचा, वाद आहे. हवेला रूप नाही, स्पर्श आहे. जुने नैयायिक म्हणत, हवा नुसती अनुमानानं कळते. नवे म्हणाले, स्पर्शानं ती थेट कळते. माझं मत नव्यांच्या बाजूला. चिरेसमोर तळवा धरला की हवा अनुमान राहत नाही.

आता आजींकडे येतो. नवा होज, नव्या क्लिपा बसवल्या, सेन्सर त्याच्या स्प्रेनं धुतला आणि घाटात चक्कर मारून आलो. मग आजींना म्हणालो, "आजी, नारळ जरूर वाढवा, मीही वाढवतो. पण देवानं तुमची गाडी अडवली नव्हती. होज फाटला होता." त्या म्हणाल्या, "बाबा, एवढं सोपं असतं तर बरं."

सोपं नाही, हे मलाही ठाऊक आहे, कारण आदल्याच वर्षाचा २२ जुलै डोळ्यांपुढे होता. २३ तारखेच्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी सावित्रीतून खाली आलं आणि महाड बुडालं. तळिये गावावर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. पूर ओसरल्यावर मी रोज फोनवर एकच सांगत होतो, "चावी लावू नका!" बुडालेल्या गाडीच्या हवेच्या वाटेत पाणी असतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून बघायचा. ओला असेल, तर इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं. ज्यांनी धीर धरला त्यांची इंजिनं वाचली. पण त्याच दिवसांत गॅरेजच्या बाकावर मी हेही ऐकलं, "तळियेच्या लोकांचं काहीतरी चुकलं असणार. उगीच नाही डोंगर येत अंगावर."

हे बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. मोठ्या माणसांकडूनही हे झालेलं आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणून सांगितला. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला उघड विरोध केला. अस्पृश्यता पाप होती, यात आम्हा महाड-पोलादपूरच्या लोकांना तरी शंका नसावी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि नंतर त्याच तळ्याचं 'शुद्धीकरण' करणारेही इथलेच होते. पाप खरं होतं, पण भूकंप त्याचा धूर नव्हता. बिहारच्या ढिगाऱ्याखाली ते पाप सोसणारेही असणारच.

मी देव मानतो. म्हणूनच मला वाटतं, दु:खावरून पापाचं अनुमान काढणं हा मेलेल्यांवर अन्याय आहे आणि देवाची बदनामी आहे. जिथे पाप तिथे दरड, हे कोणत्या स्वयंपाकघरात पाहिलं? पापी माणसं सुखानं मरतात, हे तर सगळ्या गावाला दिसतं. मग व्याप्ती उरतेच कुठे?

तो फाटका होज मी फेकला नाही, गॅरेजच्या खिळ्याला टांगलेला आहे. तुमच्या गावात पुढच्या पावसात कुणाच्या घरावर दरड आली आणि कट्ट्यावर कुणी म्हणालं, "त्यांचंच काही असेल", तर गप्प बसू नका. त्याला विचारा, तू हात लावून पाहिलंस का?