आकड्यापलीकडचं गाणं

खान्देशातल्या लग्नांत हळदीला बँडवाल्यांकडे हमखास एक फर्माईश होते: ‘हाई झुमका वाली पोर’. विनोद कुमावत यांचं हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं, आणि मग जळगाव-धुळ्याबाहेरच्या बातम्यांतही अहिराणीचं नाव आलं. बातमीचा मथळा मात्र बहुधा आकड्याचाच. चाल कशी बांधली, शब्द कोणत्या गावचे, गायलं कोणी, हे शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर.

लोकांचा निवाडाही तितकाच घाईचा. कुणी डोक्यावर घेतं, कुणी ‘हे कसलं संगीत’ म्हणून मोकळं होतं.

पूर्वी याच्या उलट झालं होतं, दाद फार उशिरा आली. जळगावजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या, तेव्हा त्यांच्या ओव्या घराबाहेर फारशा कुणाला ठाऊक नव्हत्या. मुलगा सोपानदेवांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या. 1952 साली त्यांचं पुस्तक आलं. 1961च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालींवर त्या रचना घरोघरी पोचल्या. शेतात, जात्यावर जन्मलेल्या त्या ओव्यांना दाद मिळायला कवयित्रीचं सारं आयुष्य सरावं लागलं.

आज शिरपूर, अमळनेर, पारोळ्याकडची पोरं मोबाईलवर गाणी करताहेत. त्यातलं काही उथळ आहे, काही अस्सल. वार्ताहरांनी ती पूर्ण ऐकावीत आणि गीतकार-वादकांची नावं आकड्याच्या आधी छापावीत.